आदेशानुसार व नावाने

शासन निर्णय कुठल्याही खात्याचा असो, विषय शाळेच्या छपराचा असो की बदल्यांचा, शेवटी उजव्या अंगाला एक ओळ असतेच : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही मात्र अवर सचिवाची, फार तर उपसचिवाची. माझी सगळी नोकरी मंत्रालयात गेली. टंकलेखक म्हणून लागले तेव्हा स्टेन्सिल कापावी लागायची, आणि ही ओळ बोटांना इतकी पाठ झाली होती की डोळे लोकलच्या वेळेकडे असले तरी ती बिनचूक उमटायची. त्याखाली 'प्रति' म्हणून जी लांबलचक यादी यायची, तिच्यात बरेचदा पहिला क्रमांक 'राज्यपालांचे सचिव, राजभवन, मुंबई' यांचा असायचा. म्हणजे ज्यांच्या आदेशानं निर्णय निघाला, त्यांनाच तो माहितीसाठी रवाना! एकदा धीर करून साहेबांना हे विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अनुच्छेद १६६ वाचा बाई, आणि मग १६३ वाचा." वाचले. राज्याची सगळी शासकीय कार्यवाही राज्यपालांच्या नावाने व्हायची, आणि राज्यपालांनी चालायचं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. झालं, संपलं.

पुढे एका शपथविधीच्या कामासाठी राजभवनात जायला मिळालं. जुना दरबार हॉल, खुर्च्यांच्या रांगा, पंख्याखालची जागा पकडायची धांदल. राज्यपाल उभे राहिले आणि म्हणाले, "मी". एवढंच. पुढचं सगळं, नाव, ईश्वरसाक्ष, संविधानाविषयी श्रद्धा आणि निष्ठा, मंत्रिमहोदयांनी म्हटलं. दुसरे मंत्री आले, पुन्हा राज्यपालांचं "मी". त्या दिवशी राज्यपालांच्या वाट्याला जेवढे मंत्री तेवढे 'मी' आले आणि एकाही वाक्याचा शेवट आला नाही.

तेव्हापासून या पदावर येणाऱ्या माणसांविषयी मला कुतूहल आहे. पदाविषयी नाही, पद घटनेत छापलेलं आहे. पण आयुष्यभर निर्णय घेतलेली माणसं जेव्हा नुसत्या नावाची धनी होतात तेव्हा त्यांचं काय होतं, हे बघण्यासारखं असतं. बहुतेकांची वाट ठरलेली. आमदारकी, खासदारकी, मंत्रिपद, मग पक्षातली अडचण किंवा वय, आणि शेवटी राजभवन. आपले वसंतदादा १९८५ मध्ये राज्यपाल म्हणून जयपूरला गेले आणि दोन वर्षांत राजीनामा देऊन परत आले. सांगलीच्या मातीत मुरलेल्या माणसाला तो वाडा मानवला नसणार. उलट पी. सी. अलेक्झांडर. मूळचे सनदी अधिकारी, इंदिरा गांधींचे प्रधान सचिव. १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटलेली असताना आले आणि २००२ पर्यंत राहिले. महाराष्ट्रात एवढा काळ दुसरा कुणी राज्यपाल राहिलेला नाही. त्यांच्याच काळात, १९९४ मध्ये, वैधानिक विकास मंडळं झाली आणि अनुशेषाच्या, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाच्या थकबाकीच्या, निमित्तानं राज्यपालांच्या हाती थोडा खरा अधिकार आला. त्यांच्या कार्यालयातून येणारे निर्देश आम्ही 'माहितीसाठी' म्हणून बाजूला ठेवू शकत नव्हतो. नियोजन आणि वित्त विभागातल्या लोकांना त्या फायलींचा घाम अजून आठवत असेल.

पण मला सगळ्यांत जास्त खुणावतात त्या विजयालक्ष्मी पंडित. २८ नोव्हेंबर १९६२ ते ऑक्टोबर १९६४. पुरती दोन वर्षंही नाहीत. महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल. त्यांच्यानंतर आजवर दुसरी झालेली नाही. माझ्या नोकरीच्या खूप आधीचा हा काळ. तरी जुन्या फायली चाळताना त्यांच्या कारकिर्दीतला एखादा कागद हाती आला की मी थांबायचे.

त्या नेहरूंची बहीण हे सगळ्यांना माहीत. त्या आपल्या सून होत्या, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मोतीलाल नेहरूंची ही मुलगी जन्मली १९०० मध्ये, नाव स्वरूपकुमारी. लग्न झालं बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित यांच्याशी. हे पंडित राजकोटात स्थायिक झालेले, पण मूळ रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचे सारस्वत. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची आपली रीत, त्या रीतीनं स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. पुढे जगानं ज्या नावाला सलाम केला ते सासरचं, मराठी घरातलं. मुहूर्त होता १० मे १९२१ चा, अलाहाबादेत. आता १० मे म्हणजे १८५७ च्या मेरठच्या उठावाची तारीख. त्यात काँग्रेस कार्यकारिणीची बैठकही त्याच सुमारास तिथेच भरलेली. शहरातल्या गोऱ्या लोकांनी सरळ अर्थ लावला, लग्न हे निमित्त आहे, आत बंडाची तयारी चालू आहे. काही साहेब म्हणे खिशात पिस्तुल घालून हिंडत होते. नेहरूंनीच आत्मचरित्रात हे मिश्किलपणे सांगितलंय. मुहूर्त काढणाऱ्या भटजींच्या डोक्यात एवढा इतिहास होता की नव्हता, कोण जाणे.

रणजित पंडितांबद्दल एक सबंध लेख व्हायला हवा. वकिली सोडून चळवळीत पडले आणि तुरुंगात बसून कल्हणाची 'राजतरंगिणी' संस्कृतातून इंग्रजीत आणली. 'मुद्राराक्षस' आणि 'ऋतुसंहार' सुद्धा. तुरुंगवासात प्रकृती ढासळली आणि १९४४ च्या जानेवारीत लखनऊला ते गेले. त्यांची लेक म्हणजे लेखिका नयनतारा सहगल. २०१९ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं आणि मग नको म्हणून कळवलं, ते प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. न झालेल्या त्या भाषणात त्यांनी आपल्या मराठी वडिलांची आणि त्यांच्या संस्कृतच्या वेडाची आठवण काढली होती. आपल्या साहित्याच्या मांडवात पंडितांच्या लेकीला जागा झाली नाही. मला ती गोष्ट अजून टोचते.

तर १९४४. नवरा गेलेला, पदरी तीन मुली. मृत्युपत्र नाही आणि मुलगा नाही. सासरच्या मालमत्तेचा प्रश्न आला तेव्हा घरच्या पुरुषांनी कायद्यावर बोट ठेवलं आणि बाईंच्या हाती जवळजवळ काही आलं नाही. ध्यानात घ्या, ही कुणी अडाणी, एकाकी बाई नव्हे. १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खात्याची मंत्री झालेली, त्या काळी देशातल्या कुठल्याही प्रांतात मंत्रिपदावर बसलेली पहिली स्त्री. वडील मोतीलाल नेहरूंसारखे वकील, नवरा बॅरिस्टर, भाऊ बॅरिस्टर. तरीही विधवा म्हणून उभी राहिली तेव्हा कायद्याच्या लेखी तिची किंमत कुठल्याही वाड्यातल्या आलवणातल्या काकूइतकीच. हिंदू वारसा कायदा यायला १९५६ उजाडावं लागलं.

१९४४ च्याच अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या आणि गावोगाव व्याख्यानं देत हिंडल्या. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. भारताच्या नावानं तिथे ब्रिटिश सरकारनं नेमलेले प्रतिनिधी बसले होते. बाई बाहेर सभा घेऊन सांगत होत्या की ही माणसं आमची नव्हेत. दुसऱ्याच वर्षी त्याच संयुक्त राष्ट्रांत भारताचं शिष्टमंडळ घेऊन त्या आत बसल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा ठराव त्यांनी लढवला, समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. मतं पडली ३२ विरुद्ध १५. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता.

पुढची यादी भराभर सांगते, ती सगळीकडे मिळते. मॉस्कोत राजदूत, तिथे असेपर्यंत स्टालिननं एकदाही भेट दिली नाही, त्यांच्यानंतर गेलेल्या राधाकृष्णन यांना मात्र दिली. मग वॉशिंग्टन. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष, त्या खुर्चीवर बसलेली जगातली पहिली स्त्री. मग १९५४ पासून १९६१ पर्यंत लंडनला उच्चायुक्त. नेहरूंची बहीण म्हणून हे सगळं मिळालं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. दार भावामुळे उघडलं असेल, हे मी नाकारत नाही. पण १९४६ चं ते मतदान भावाच्या पुण्याईवर जिंकता येण्यातलं नव्हतं.

आणि मग मुंबईचं राजभवन.

मलबार पॉइंटचं ते टोक तिन्ही बाजूंनी समुद्रानं वेढलेलं. गव्हर्नर आधी परळला राहायचे, आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची बायको त्या बंगल्यात कॉलऱ्यानं गेली आणि साहेबांनी मुक्काम वाळकेश्वरच्या हवेशीर टोकाला हलवला. अशा जागी विजयालक्ष्मी आल्या त्या चीनचं युद्ध थांबून आठवडा होतो न होतो तोच. यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले, मुख्यमंत्रिपदी मारोतराव कन्नमवार नुकतेच बसलेले. एकीकडे चांद्याकडून आलेले, गरिबीतून वर चढलेले कन्नमवार, आणि दुसरीकडे आनंद भवनात वाढलेल्या, स्मट्ससमोर बसलेल्या या बाई. निर्णय कन्नमवारांचे, नाव बाईंचं. घटनेच्या दृष्टीनं हे अगदी योग्य होतं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. लोकांनी निवडून दिलेल्याचंच चालायला हवं. पण त्या वाड्यात सकाळी उठून आज काय करायचं, हा प्रश्न बाईंना पडत असेलच ना? घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीत राज्यपालांचं वेतन लिहिलेलं होतं, महिना ५,५०० रुपये. कामाची तशी यादी मात्र तिथे नाही. कुलपती म्हणून पदवीदान, कुठे कोनशिला, कुठे ध्वज, पाहुण्या राष्ट्रप्रमुखांसाठी मेजवानी, अधिवेशनाच्या सुरुवातीला सरकारनं लिहून दिलेलं भाषण. त्या अभिभाषणात सुद्धा 'माझे शासन' म्हणायचं असतं. कुणी लिहिलेलं? आमच्यासारख्यांनीच, खात्याखात्यांतून परिच्छेद मागवून.

त्यांचा जीव तिथे रमला नसावा, असं म्हणायला एक आधार आहे. १९६३ मध्ये, राज्यपाल असतानाच, त्या पुन्हा भारताचं शिष्टमंडळ घेऊन संयुक्त राष्ट्रांत गेल्या. राज्याच्या घटनात्मक प्रमुखानं न्यूयॉर्कला जाऊन देशाची बाजू मांडावी, हे आज कुणी केलं तर वाहिन्यांवर चार दिवस चर्चा रंगेल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले. थोडे दिवस बाळासाहेब सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले, ते पुढे अकरा वर्षं हलले नाहीत. आजच्या काळात मुख्यमंत्री असा अचानक गेला तर राजभवनाच्या फाटकाशी कॅमेऱ्यांची जत्रा भरेल. तेव्हा पक्षानं ठरवलं, कागद वर गेले, सही झाली.

एक सही मात्र अशी झाली की तिची चर्चा अजून थांबलेली नाही. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी आपल्या पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला होता असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही, ज्युरी त्यानंतरही काही ठिकाणी चालू होत्या.) आणि त्याच दिवशी, अक्षरशः त्याच दिवशी, तेव्हाचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली. नानावटी सर्वोच्च न्यायालयात जाणार आहेत, तोवर त्यांना नौदलाच्याच ताब्यात राहू द्यावं, असा तो आदेश. न्यायालयाचं वॉरंट घेऊन गेलेले पोलीस तसेच परत आले. केवढा गदारोळ झाला. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की अपील आमच्यापुढे असताना राज्यपालांना अशी स्थगिती देता येत नाही. अनुच्छेद १६१ चा, म्हणजे शिक्षा माफ किंवा स्थगित करण्याचा, अधिकार आहे, पण त्याला वेळकाळ आहे. १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली आणि नानावटी तुरुंगात गेले.

१९६४ मध्ये त्याच फायलीवर दुसऱ्या राज्यपालांची सही झाली. आता खटला संपलेला होता, म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. अडचण होती ती मुंबईच्या मनाची. नानावटी पारशी, आहुजा सिंधी. नानावटींना माफी दिली तर सिंधी समाज दुखावणार. त्याच वेळी भाई प्रताप यांचाही माफीचा अर्ज पडून होता. हे सिंधी व्यापारी स्वातंत्र्यलढ्यातले, फाळणीनंतर कच्छमध्ये गांधीधाम वसवणारे. आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल त्यांना शिक्षा झालेली. आहुजांच्या बहिणीकडून नानावटींच्या माफीला हरकत नसल्याचं लेखी आलं, आणि विजयालक्ष्मी पंडित यांनी एकाच दिवशी दोघांनाही माफी दिली. एक पारशी, एक सिंधी. जन्मठेप झालेला माणूस तीनेक वर्षांत घरी गेला.

ही सही बाईंची म्हणायची का? कायद्यानं हो. व्यवहारात अशी फाईल खालून वर कशी चढते हे मला ठाऊक आहे. आधी गृह विभागाची टिप्पणी, मग विधी व न्याय विभागाचा अभिप्राय, मग मुख्यमंत्री, आणि तिथून शेवटी राजभवन. शिवाय हे दोन अर्ज एका दिवशी मंजूर होणं हा काही योगायोग म्हणता येणार नाही. ते गणित मांडणारी डोकी अनेक असणार. पण नाव लागलं ते एकच. आज साठ वर्षांनी सुद्धा या खटल्याबद्दल कुणी लिहितं तेव्हा शेवटच्या परिच्छेदात 'राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली' हेच येतं. टिप्पणी लिहिणारे पडद्याआड राहिले. आम्ही नेहमीच राहतो, आणि खरं सांगायचं तर त्यात आमची सोयही असते.

माफी द्यायला हवी होती का? मला नाही वाटत. प्रेम आहुजा कसा माणूस होता याच्या कहाण्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी मनसोक्त विकल्या, आणि मेलेल्याला उत्तर देता येत नाही. गणवेशातल्या देखण्या माणसाकडे सगळं शहर झुकलं. त्याच काळात येरवड्यात आणि ठाण्यात बसलेल्या, ज्यांच्यासाठी कुणी सभा भरवली नाही अशा जन्मठेपेच्या कैद्यांचे अर्जही गृह विभागातल्या कपाटांतून असतीलच की. आणि नेमकं या बाईंच्या हातून ते व्हावं याचं मला जास्त वाटतं. वीस वर्षांपूर्वी कायदा त्यांच्यासाठी तसूभरही वाकला नव्हता. बाईंनी स्वतः तेव्हा हे असं ताडून पाहिलं असेल असा माझा दावा नाही. मी पाहते, कारण मला दोन्ही कागद शेजारी ठेवायची खोड आहे.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. त्यांची फुलपूरची जागा रिकामी झाली आणि इथे विजयालक्ष्मींनी जे केलं त्यामुळे त्या माझ्या लाडक्या आहेत. राजभवन सोडलं आणि पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या. वय चौसष्ट. ज्या वयात पुढारी राज्यपालपदासाठी दिल्लीला खेटे घालतात, त्या वयात या ते पद टाकून उत्तर प्रदेशच्या धुळीत मतं मागायला गेल्या आणि निवडून आल्या. आपल्याकडे अशी उदाहरणं थोडी. सुशीलकुमार शिंदे आंध्रचं राज्यपालपद सोडून केंद्रात मंत्री झाले. श्रीनिवास पाटील सिक्कीमची पाच वर्षं पुरी करून आले आणि २०१९ मध्ये साताऱ्याची पोटनिवडणूक उदयनराजेंना हरवून जिंकले, पावसातल्या त्या सभेसकट. पण साधारणपणे राजभवनाच्या दारातून माणूस बाहेर पडतो तो आठवणी लिहायला.

लोकसभेत बाई गप्प बसल्या नाहीत. शास्त्रीजींच्या सरकारला निर्णयच घेता येत नाही, असं त्यांनी आपल्याच पक्षाच्या बाकावरून ऐकवलं. वाळकेश्वरला असताना हे वाक्य तोंडून काढता आलं असतं का? तिथे तर वाक्यं मंत्रिमंडळाकडून यायची. पुढे भाचीशी, म्हणजे इंदिराजींशी पटेना. १९६८ मध्ये खासदारकी सोडली आणि देहरादूनला जाऊन राहिल्या. आणीबाणीनंतर १९७७ ची निवडणूक लागली तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली ही बाई पुन्हा घराबाहेर पडली आणि भाचीच्या विरोधात सभा घेत फिरली. आपल्याकडे घरातली भांडणं चव्हाट्यावर नेऊ नयेत म्हणतात. हे भांडण घरातलं राहिलेलं नव्हतं.

जनता पक्ष जिंकल्यावर राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. झाले नीलम संजीव रेड्डी. बाईंना वाईट वाटलं असेल, पण मला मनापासून वाटतं की बरं झालं. राष्ट्रपती भवन म्हणजे आणखी मोठं राजभवन, आणखी जास्त आदेश आपल्या नावानं आणि दुसऱ्याच्या सल्ल्यानं. त्याऐवजी १९७९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून पाठवलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उभं राहून सुरू केलेलं काम, आणि आता वय अठ्ठ्याहत्तर. १ डिसेंबर १९९० ला देहरादूनला त्या गेल्या. मुंबईच्या राजभवनानंतरची ही सव्वीस वर्षं त्यांच्या चरित्रात बहुतेक ठिकाणी दोन परिच्छेदांत उरकलेली असतात. मला विचाराल तर तिथूनच वाचायला घ्यावं.